आधीची बरी की आत्ताची?

माझे काका आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारत आले. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम बसवायची, एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "दोन्ही सारखीच वाटतात हो." मग काका पुन्हा आधीचं घालायचे. त्यांना घाई म्हणून नसायचीच. बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसलेली, मालक घड्याळाकडे बघून घसा खाकरतोय, आणि हे आपले भिंगं काढताहेत, घालताहेत. माणसापुढे एकटी गोष्ट ठेवून ती कशी आहे असं विचारू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. एकटी असली की कुठलीही गोष्ट बरीच वाटते, म्हणायचे.

हाच माणूस दर शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करून आमच्या शेडमध्ये बिअर चाखायला यायचा.

शेड म्हणजे जुना बर्फाचा कारखाना. बर्फाचा धंदा केव्हाच बसला होता, पण जाड भिंती, फरशीला व्यवस्थित उतार आणि पाणी वाहून न्यायला नाल्या, एवढं सगळं आयतं मिळालं म्हणून माझ्या बाबांनी ती जागा घेतली. त्याआधी ते डेअरीत होते, दूध थंड ठेवायच्या खात्यात. "इतकी वर्षं दूध नासू नये म्हणून जीव टाकत होते, आणि आता चांगली बार्ली मुद्दाम आंबवत बसतात," असं काकू म्हणायच्या. कुणी विचारलं की दिराचं काय चालतं, तर त्या अगदी सरळ चेहऱ्याने सांगायच्या, "धान्याचा व्यवसाय आहे." बार्ली धान्यच आहे, यात खोटं काय? आईला मात्र लाजबीज काही नव्हती. ती सरळ म्हणायची, "भट्टी आहे आमची." समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बाबांची बिअर आसपासच्या चार-पाच गावांत जायची, त्यापलीकडे नाही. सहा टाक्या, एक टेम्पो, टेम्पोवर एक टेम्पोवाला, आणि बाटल्यांवरच्या लेबलांची चित्रं काढायला मी. सुरुवातीला बाबांनी मित्रांना चाखायला बोलावलं होतं. पण फुकटची प्यायला मिळाल्यावर कोण वाईट बोलणार? सगळे नुसते वा वा करायचे आणि पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन यायचे. बाबा वैतागले. शेवटी त्यांनी मोठ्या भावाला बोलावलं. काका एरवी दारूला शिवत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक घोट घेतला, असं काही तोंड वाकडं केलं की टेम्पोवाला घाबरून पाणी आणायला धावला, आणि म्हणाले, "ही तू विकतोस?"

तेव्हापासून टेम्पोवाला त्यांना वाकडेसाहेब म्हणायला लागला. हळूहळू सगळेच म्हणायला लागले. एका माल्ट विकणाऱ्याला ते त्यांचं आडनावच वाटलं. तो दोन वर्षं फोनवर मला "वाकडेसाहेबांना नमस्कार सांगा" म्हणत होता, आणि मीही सांगत होते.

काकांनी चाखण्याची पद्धत लावली ती चष्म्याच्या दुकानातलीच. खिडकीखाली पत्र्याचं टेबल, उजेड नीट पडावा म्हणून. त्यावर दोन छोटे ग्लास, तीन-चार घोटांचे. डावीकडच्यात आधीची, म्हणजे मागच्या खेपेची बिअर. उजवीकडच्यात आत्ताची. शेजारी साधा पाव आणि पाणी. आधी डावीकडचा एक घोट, पावाचा तुकडा, मग उजवीकडचा घोट, पुन्हा पाव, पुन्हा डावीकडचा. त्यासाठी प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या बाबा वेगळ्या काढून थंडीत ठेवायचे, त्यांना कुणी हात लावायचा नाही. चाखायच्या दिवशी शेडमध्ये सेंट नको, पावडर नको, साबणाने हात धुवायचे नाहीत. मी एकदा नवी पावडर लावून आले तर मला बाहेर टेम्पोत बसवलं होतं, तेही पाऊस असताना.

आणि मग निकाल. काकांचे निकाल ठरलेले होते. सगळ्यात खाली "फेक". त्याच्यावर "खपेल". मग "बरी", मग "चांगली". खडूने टाकीवरच लिहायचे, मोठ्या अक्षरात, म्हणजे पुढचा आठवडाभर येता-जाता दिसेल. "खपेल" लिहिलं की बाबा ओलं फडकं घेऊन पुसायचे आणि टेम्पोवाल्याला सांगायचे, खडू पावसाने गेला. शेडच्या आत.

घरातही तेच माप. काकूंनी नवीन पडदे लावले: खपेल. मी रात्रंदिवस खपून काढलेलं लेबल: खपेल. मी पहिल्यांदा एका मुलाला घरी आणलं आणि तो जिना उतरतोय न उतरतोय तोच काका म्हणाले, "खपेल." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढे ते काही जमलं नाही, पण ते त्या मुलामुळे. काकांना दोष द्यायला मला आवडलं असतं.

"चांगली"च्या वरही एक निकाल होता, पण तो कुणी ठरवला नव्हता. झालं असं, की एकदा बाबांच्या ओळखीच्या दुसऱ्या एका बिअर करणाऱ्याने दोन बाटल्या पाठवल्या. काकांनी त्यातली घेतली, आधीची घेतली, पुन्हा ती घेतली, आणि काही न बोलता रिकामा ग्लास पुढे केला. "अजून ओत," म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाही नंतर कळलं. बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ, आपल्या शेडमध्ये, आपल्या टेबलावर, आणि दुसऱ्याच्या बिअरला म्हणतो अजून ओत! त्या दिवसापासून "अजून ओत" हा सगळ्यात वरचा निकाल झाला, आणि बाबांना त्याचा ध्यास लागला.

"एकदा तुझ्या तोंडून काढणार मी, दादा."

"तू तशी कर, मी म्हणतो."

बाबा करत राहिले. "चांगली" बऱ्याचदा मिळाली. ती मिळाली की आठवडाभर शिट्टी वाजवत फिरायचे, आईच्या कामात लुडबुड करायचे. पण "अजून ओत" नाही मिळालं. एकदा मधाची बिअर केली होती. तेव्हा काका ग्लास हातात धरून इतका वेळ बसले की आम्ही श्वास रोखून धरला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "चांगली." बाबांनी बादलीला लाथ मारली आणि अंगठा दुखावून घेतला. त्या संध्याकाळी काकांबरोबर मी चालत घरी आले.

"म्हणणार होतो गं," ते वाटेत म्हणाले. "पण शेवटी जिभेवर जरासं तुरट राहिलं."

"मग म्हणायचं ना! जरासं तर होतं. भाऊ आहेत तुमचे."

"ठमे, भाऊ आहे म्हणून तर मला बोलावतो."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. माणसाने इतकं काय ताठ राहायचं, तेही एका ग्लासासाठी? बाबांना मात्र तसा राग कधी आला नाही. चिडायचे, बादल्या लाथाडायचे, पण मला म्हणायचे, "सगळं जग गोड बोलेल. दादा म्हणाला चांगली, म्हणजे चांगली." बाबांच्या सगळ्या धंद्याचा पाया म्हणजे हे एक वाक्य होतं.

मग बाबांचा आवाज बसला. कढईच्या वाफेने असेल, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बसला तो उठेचना. तपासण्या झाल्या, गळ्यात गाठ निघाली, मोठ्या दवाखान्यात जाऊन येऊन किरणांचे उपचार सुरू झाले. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी आईला आणि काकांना आत बोलावलं. मी बाहेर बाबांजवळ होते. बाबा मासिकातलं कोडं सोडवत होते आणि मला विचारत होते, पाच अक्षरी, शेवटी "र". आई बाहेर आली, सरळ नळाशी गेली, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि हसत म्हणाली, "थोडा वेळ लागेल म्हणाले, पण बरं वाटेल." तिच्या मागून काका आले. ते बाबांकडे न बघता भिंतीवरचं डोळ्यांच्या तपासणीचं पोस्टर वाचायला लागले.

दुपारी आईने मला गाठून सांगितलं. आता काही करण्यासारखं उरलं नव्हतं. "पण त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये," ती म्हणाली. "हाय खातील. जेवढे आहेत तेवढे दिवस हसत जाऊ देत." मी मान हलवली. काकांनीही हलवली होती. आता वाटतं, आमच्या घरात निर्णय नेहमी आईच घेते आणि बाकीचे माना हलवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं.

काकांना खोटं बोलता येत नसे. म्हणून ते गप्प बसायला लागले. रोज संध्याकाळी यायचे, बाबांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचे, हवेबद्दल बोलायचे, आणि जायचे. एरवी दोघे भेटले की तासभर भांडण ठरलेलं. "दादाचं काहीतरी बिनसलंय," बाबा मला म्हणाले. "दुकानात काही भानगड झाली का बघ जरा. मला सांगणार नाही तो."

जरा ताकद आली तसे बाबा शेडमध्ये यायला लागले. जिभेची चव गेली होती. चहा म्हणजे गरम पाणी, पाव म्हणजे ओला पुठ्ठा, असं सांगायचे. वासही जवळजवळ नाहीच. चव हळूहळू परत येते असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, त्यावर त्यांचा भरवसा होता. "जिभेला कळत नाही, पण हाताला कळतंय ना," म्हणाले, आणि काळी बिअर घालायचं ठरवलं. बार्ली भाजायचं काम त्यांनी टेम्पोवाल्याला करू दिलं नाही, मला तर नाहीच. स्टुलावर बसून, हातात लांब उलथणं घेऊन स्वतः भाजली. मला करपल्यासारखा वास आला. मी म्हटलंही, "बाबा, जळतंय का काही?"

"काळ्या बिअरला तसा यायलाच हवा," ते म्हणाले. "नुसता खमंग काय कामाचा? ही बघ. ही अजून ओत आहे. दादाला पळायला जागा ठेवत नाही."

बिअर आंबत होती आणि बाबा उतरत चालले होते. शर्ट खांद्यावर राहीना. पण रोज टाकीजवळ जाऊन तिच्या पोटाला हात लावून यायचे आणि म्हणायचे, "शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी." त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी आई माझ्यामागे लागली, चाखायला म्हणून टाकीतून भरून ठेवलेल्यातली एक बाटली मला उघडून दे. आम्ही दोघींनी मोरीजवळ उभं राहून चाखली. करपलेलं पातेलं घासताना त्याचं पाणी तोंडात गेलं तर लागेल तशी लागली. आईने तिथेच थुंकली. मग तोंड पुसून म्हणाली, "चप्पल घाल."

आम्ही काकांच्या दुकानात गेलो. काका आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे बसायला एकच खुर्ची, गिऱ्हाइकाची. आई तीत बसली. समोर भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. काका उभेच होते, हातात ती गोल फ्रेम, ती ते उगाच फडक्याने पुसत होते.

"भाऊजी, उद्या एकदा म्हणा," आई म्हणाली. "त्यांना हवंय ते."

"कशी झालीय?"

"वाईट झालीय. खूप वाईट. म्हणून तर आले."

काका फ्रेम पुसत राहिले. "त्याला कळेल."

"काय कळेल? कसं कळेल? त्यांच्या जिभेला मीठसुद्धा कळत नाही आता. तुम्ही म्हणाल ते खरं. कोण सांगणार आहे त्यांना? मी सांगणार? ही सांगणार?"

"तुझं बरोबर आहे गं. पण मला..."

"तुम्हाला काय?" आईचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "भाऊजी, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं का? तुमचं एवढं बोलणं खाल्लं, माझ्या हातच्या जेवणाला तुम्ही माझ्या तोंडावर खपेल म्हणालात, मी हसून घेतलं. आता एक दिवस. दोन शब्द. तुमचं काय जातंय त्यात?"

काकांनी फ्रेम खाली ठेवली. बाहेर मालकाने घसा खाकरला. शेवटी त्यांनी मान हलवली. आई उठली, तिने त्यांच्या हाताला हात लावला, आणि आम्ही निघालो. मी वळून पाहिलं तर काका त्याच खुर्चीत बसून तक्त्याकडे बघत होते.

शुक्रवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळपट्टी मोठी व्हायला लागली होती, म्हणून वरचं बटण लावलं होतं. आई कधी नव्हे ती चाखण्याला आली होती आणि टाकीला टेकून उभी होती. टेम्पोवाल्याला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा पावाचे तुकडे करत होता, वाकडेसाहेबांच्या नकला करत होता. बाबांनी दोन्ही ग्लास स्वतः भरले. डावीकडच्यात मागच्या खेपेची काळी, उजवीकडच्यात ही. मग समोर बसले आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते निकाल ऐकत नसत, तोंडावर वाचत.

काकांनी उजवीकडचा ग्लास उचलला आणि सगळाच्या सगळा पिऊन टाकला. तोंड वाकडं झालं नाही. भुवईसुद्धा हलली नाही. त्यांनी रिकामा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीकडे मान वळवून म्हणाले, "अजून ओत."

टेम्पोवाल्याने टाळी मारली. बाबा नुसते बघत राहिले.

"काय म्हणालास?"

"ऐकलंस की."

"पुन्हा म्हण."

"अजून ओत म्हटलं."

बाबा हसले. गाल आत गेले होते, त्यामुळे सगळा चेहरा हसूच झाला. मी आईकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तीही हसत होती, आणि मला खरंच वाटलं की आपण बरोबर केलं, जगात याहून बरोबर काही नाही. बाबांनी दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि ओतायला लागले. काळी धार ग्लासात पडली. ग्लासाचा तळ जेमतेम झाकला असेल नसेल, आणि त्यांचे हात थांबले.

ते डावीकडच्या ग्लासाकडे बघत होते. तो काठोकाठ भरलेला होता. फेस बसून गेला होता, पण काठाला ओठ लागल्याची खूण नव्हती.

"दादा, आधीची घेतली नाहीस तू."

काका खिडकीबाहेर बघत होते.

"आधीची न घेता कसं कळलं तुला?"

"गरज वाटली नाही," काका म्हणाले.

"तुला? तुला गरज वाटली नाही?"

बाबांनी बाटली खाली ठेवली. सावकाश, टेबलावर वाजू न देता. त्यांनी आईकडे पाहिलं, ती फरशीकडे बघायला लागली. माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मीही फरशीकडे पाहिलं. आपण तिघांनी मिळून काय सांगून टाकलं हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं.

"डॉक्टर तुझ्याशी काय बोलले, दादा?" बाबांनी त्या बसलेल्या आवाजात विचारलं.

टेम्पोवाल्याच्या हातातला पाव तसाच राहिला.

"किती महिने? का महिनेही नाहीत?"

काकांनी मान वळवली आणि ते रडायला लागले. मी त्यांना आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं. मोठा माणूस हुंदके देतो तेव्हा ऐकवत नाही. बाबा उठून त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. धाकट्याने थोरल्याच्या डोक्यावर.

"बरं," बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले. "आता खरं सांग. कशी झालीय?"

"फेक," काका म्हणाले.

"का?"

"करपलीय. पार करपलीय."

"आणि?"

"कडू. घशाखाली उतरत नाही. मागून आंबट येते. टाकीला झाकण नीट बसलं नसेल."

"आणि?"

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मला आधी वाटलं, ते स्वतःला शिक्षा करून घेताहेत. मग लक्षात आलं, त्यांना ती बिअर चाखायची होती आणि दुसरा मार्ग नव्हता. काका नाक पुसत एकेक खोट सांगत होते, बाबा "आणि? आणि?" करत विचारत होते, आणि कित्येक आठवड्यांनी ते दोघे असे बोलत होते. शेवटी बाबा म्हणाले, "मला वासच आला नाही रे." मग जाऊन त्यांनी स्वतः टाकीची तोटी उघडली. काळी बिअर नालीतून निघून गेली. आम्ही सगळे ती संपेपर्यंत उभे राहिलो.

बाहेर रस्त्यावर आईने काकांना गाठलं. "दोन शब्द सांगितले होते! दोन शब्द नीट म्हणता आले नाहीत तुम्हाला! एक घोट दुसऱ्या ग्लासातला घेतला असता तर काय बिघडलं असतं?" काका ऐकून घेत होते. काकूंना हे कळलं तेव्हा त्या आमच्या दारात येऊन आईला वाट्टेल ते बोलल्या, की स्वतःच बळजबरी करायची आणि वर स्वतःच तोंड सोडायचं, माझा माणूस अन्न घेत नाही. दोन्ही जावा तोवर सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. त्यानंतर त्यांच्यात जे तुटलं ते अजून नीट सांधलं गेलेलं नाही, आणि मला दोघींचाही राग येतो आणि दोघींचीही कीव येते.

बाबा मात्र कुणावर रागावले नाहीत. कळल्यावर त्यांनी काय काय करून घेतलं! मला टाक्यांपाशी बसवून एकेक तोटी, एकेक वेळ शिकवली. आईशी दार लावून खूप बोलले. काय ते तिने मला सांगितलं नाही. आणि काकांशी पुन्हा भांडायला लागले. काका येऊन खुर्चीत बसले की दहा मिनिटांत आवाज चढायचे, बाबांचा चढण्याइतका उरला नव्हता तरी.

मग भांडायचीही ताकद गेली. एका दुपारी मी उशाशी औषध मोजत होते, काका खुर्चीत होते.

"चुकलं माझं," काका एकदम म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. त्यांचं बोलणं ऐकायला आता कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. काका वाकले, मीही वाकले.

"तू म्हणालास, आणि मी ओतायला लागलो," बाबा म्हणाले. "लागलो ना? तेवढा वेळ मला खरं वाटलं, दादा. अगदी खरं वाटलं."

ते थोडंसं हसले आणि पुन्हा झोपले. चार दिवसांनी गेले.

शेड मी चालवते आता. टाक्या सहाच आहेत. काका दर शुक्रवारी येतात, दुकानातून निवृत्त झाले तरी दुकान बंद व्हायच्या वेळेलाच. डावीकडची घेतात, पाव खातात, उजवीकडची घेतात, पुन्हा डावीकडची. मला बहुतेक वेळा "खपेल" मिळतं, दोनदा "बरी" मिळालं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. टेम्पोवाला खडूने लिहितो आणि निघून जातो.

मग आम्ही दोघेच उरतो. मी ग्लास धुते, काका ते पुसून पालथे घालतात.

"ठमे," ते विचारतात, "त्या दिवशी किती ओतली होती गं त्याने? थांबायच्या आधी? मी खिडकीकडे बघत होतो."

"अर्ध्याच्या वर," मी सांगते.

"नक्की?"

"मी बघत होते ना, काका. अर्ध्याच्या वर."

ते हातातला ग्लास उजेडाकडे धरतात, त्याच्या मधोमध बोट लावून बघतात.

"अर्धा ग्लास भरायला बराच वेळ लागतो," ते म्हणतात.

"हो काका," मी म्हणते. "बराच."